माझ्या बिंदूला कुणी काही म्हणत नाही

आस्थापना शाखेत बसणाऱ्याला सगळ्या कचेरीची कुंडली ठाऊक असते. २३ वर्षं मी बिंदूनामावली सांभाळतोय. शंभर बिंदूंचं रजिस्टर, एकेक बिंदू म्हणजे एकेक जागा आणि ती कोणत्या प्रवर्गाची ते. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, इतर मागासवर्ग १९, कोण कोणत्या बिंदूवर लागला ते सगळं त्यात. भरती निघायची म्हटलं की ते बगलेत मारून नाशिकला मागासवर्ग कक्षाकडे तपासायला न्यायचं.

मागच्या उन्हाळ्यात जुने कागद लावताना १९९६ ची आमचीच निवड यादी सापडली. गुण २०० पैकी. खुल्यातला शेवटचा १३८. आमचा सातपुड्यातल्या धडगावचा सहकारी, पावरा या आदिवासी जमातीतला, ११२. आणि मी, ९४.

मी खुल्यातलाच. फक्त नावापुढे 'प्रकल्पग्रस्त' लिहिलंय. समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच ठेवलेल्या जागा, ५ टक्के.

हतनूर धरणात आमची साडेसहा एकर काळी गेली. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडले की लोक फोटो काढायला जातात. आबा कधी गेले नाहीत. मोबदल्याचे पैसे ताईच्या लग्नात आणि घरावरच्या पत्र्यांत संपले. उरला एक प्रकल्पग्रस्ताचा दाखला, त्यावर घरातल्या एकालाच नोकरी. आणि घरात नोकरीच्या वयाची पोरं चार : आम्ही दोघे भाऊ, काकांचे दोघे. स्टँप पेपरवर बाकीच्यांची संमती लागायची. काकू तीन महिने आमच्या ओट्यावर चढली नाही. धाकटा माझ्यापेक्षा हुशार, बारावीला त्याचे गुण माझ्याहून कितीतरी जास्त. आबा म्हणाले, "मोठ्याचं लगन खोळंबलंय, त्याले लागू दे." त्यानं मान खाली घालून सही केली. आमच्या घरातली गुणवत्ता त्या दिवशी अशी ठरली.

इतक्या वर्षांत मला कुणी 'कोट्यातला' म्हटलं नाही. पावऱ्याला मात्र रुजू झाल्यापासून. त्याच्या टिपणीत एखादी वेलांटी चुकली की चहाच्या टपरीवर, "काय भो, सात टक्केवाले!" मी तिथे असायचो. हसायचोही. माझ्याही टिपण्या साहेबांकडून लाल होऊन यायच्या, पण ती 'गडबडीत झालेली चूक' असायची. त्याच्या घरात पावरी बोलतात. मराठी तो आश्रमशाळेत, सहाव्या वर्षी शिकला. माझी तर आईच मराठी.

ही यादी मी एका जुन्या मित्राला सांगितली (दाखवली नाही, तेवढा नियम पाळतो). तो म्हणाला, "तुझी जमीन गेली रे, ती भरपाई. त्यांचं काय गेलं?"

उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले. माझ्याकडे सातबारा होता. म्हणून गेलेलं दाखवता आलं. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारदरबारी 'अतिक्रमण' होती. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा कुठे दावे घ्यायला सुरुवात झाली. जे कधी उताऱ्यावर चढलंच नाही, ते गेल्याचा दाखला कोणता तहसीलदार देणार?

पण म्हणून सगळं सरळ आहे असं नाही. पावऱ्याचा मुलगा जळगावात वाढला, इंग्रजी शाळेत शिकला, जमातीच्याच जागेवर इंजिनीअर झाला. जमातींना क्रिमीलेअरची, म्हणजे सुस्थितीतल्या घरांना वगळायची, अट नाही. हे मी टोचायला काढलं नव्हतं, तोच एकदा म्हणाला, "माझ्या पाड्यावरचं पोर अजून त्या जागेपर्यंत पोचत नाही, साहेब." ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाला, म्हणजे त्यांच्यातल्या जास्त मागे राहिलेल्यांना वेगळा वाटा द्यायला, परवानगी दिली, तेव्हा कचेरीत पेपर हातोहात फिरला. सगळ्यांना अचानक तळातल्या पोरांचा कळवळा आला. त्यातला एकही जण धडगावला कधी गेलेला नाही. पाड्यावरच्या पोराला आधी घ्यावं, असं मलाही वाटतं. ते कसं मोजायचं, यावर मात्र माझं मत अजून हलतं. माझ्या दाखल्याच्या वेळी तरी कुणी काय मोजलं होतं?

धाकटा गावीच राहिला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेरीला जमीन भाड्यानं घेतो, टरबूज लावतो. यंदा पाणी फारच खाली गेलं, आमच्या जुन्या विहिरीचा काठ उघडा पडला. त्यानं फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आपल्याच वावराचं भाडं भरून आलो, दादा."