चाके जमिनीवर असतानाच येणारा आवाज

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या बाजूने एक आवाज येऊ लागला आणि तो कशाचा आहे हे नक्की कळायला मला जवळजवळ अकरा आठवडे लागले. गाडी 2001 सालची, दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-5 आहे. नोकरीसाठी पुण्याहून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आल्यावर काही वर्षांनी मी ती जुनी विकत घेतली. पहिली एमएक्स-5 फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. वजन सुमारे एक टन, दोनच सीट, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, उघडता येणारे कापडी छत आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, अशी तिची बांधणी आहे. जपानी अभियंत्यांनी तिच्यासाठी ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप होणे, ही कल्पना समोर ठेवली होती. अशा गाडीत रस्त्याची प्रत्येक हालचाल सीटमधून अंगापर्यंत पोचते, त्यामुळे तिच्यातला लहानसा बिघाडही चालवणाऱ्याला अस्वस्थ करतो.

आवाजाचे दोन भाग होते. गतिरोधकावरून सावकाश जाताना जुन्या लाकडी दाराच्या बिजागरीसारखी ‘कर्र’ अशी लांब करकर यायची, आणि क्लच सोडून गाडी निघताना किंवा चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचलताना एकच ‘टक्’ व्हायचे. सुरुवातीला मी सगळेच करतात ते केले. डिकीतले सुटे चाक, जॅक आणि हत्यारे बाहेर काढून गाडी चालवून पाहिली, कापडी छताची चौकट करकरते की काय म्हणून कडाक्याच्या थंडीत छत उघडे ठेवून फिरलो, आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. आवाजात फरक पडला नाही.

चाकाचे बेअरिंग गेले असावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. ही शंका फेडायला मोबाइलमधले ध्वनिमुद्रण आणि थोडे गणित पुरेसे होते. माझ्या गाडीला 195/50 आर 15 मापाचे टायर आहेत, म्हणजे चाकाचा घेर साधारण 1.81 मीटर येतो. ताशी 30 मैल वेगाला, म्हणजे सेकंदाला 13.4 मीटरला, चाक सेकंदाला सुमारे 7.4 वेळा फिरते. आवाज चाकाचा, बेअरिंगचा किंवा ॲक्सलचा असता, तर तो या फिरण्याच्या पटीत आला असता आणि वेगाबरोबर त्याचा ठेका बदलला असता. मुद्रणात तसा कोणताही ठेका नव्हता. आवाज गाडीच्या वेगाशी बांधलेला नव्हता. सस्पेन्शन वरखाली होण्याशी आणि चाकाला मिळणारी ओढ बदलण्याशी बांधलेला होता. त्यामुळे फिरणारे सगळे भाग संशयितांच्या यादीतून गेले.

यानंतर मी घाई केली आणि पैसे वाया घालवले. अशा टकटकीचे कारण पुष्कळदा अँटी-रोल बारची, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांडीची, लिंक असते, असे वाचून मी मागच्या दोन्ही लिंक बदलल्या. थोडा विचार केला असता तर ते काम वाचले असते. हा बार दोन्ही चाकांच्या हालचालीत फरक पडला तरच पिळला जातो. रस्ताभर आडव्या गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम उचलली जातात, तेव्हा बारवर जवळजवळ काहीच ताण येत नाही. आणि माझा आवाज तर तिथेच सर्वांत स्पष्ट यायचा. उत्तर माझ्यासमोर होते, पण मी पाना आधी हातात घेतला.

दोन गॅरेजमध्येही गाडी दाखवली. दोन्हीकडे ती लिफ्टवर चढवली, चाके हलवून पाहिली, प्रत्येक जोडात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून रेटून पाहिले आणि काही सापडत नाही असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचे माउंट बदलून पाहू, असा सल्ला मिळाला. तो खर्च मी थांबवला, कारण ‘बदलून पाहू’ हे निदान नव्हे.

कलाटणी मिळाली ती वडिलांशी फोनवर बोलताना. ते एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत तीस वर्षे होते. मी आवाजाची नक्कल करून दाखवली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पावसात येतो का रे?” मी गेल्या काही आठवड्यांच्या फेऱ्या आठवल्या आणि लक्षात आले की पाऊस पडलेल्या दिवशी करकर जवळजवळ नाहीशी होत होती. ते म्हणाले, “बसच्या स्प्रिंगचे पाटे करकरायचे तेव्हा आम्ही पाणी मारून बघायचो. ओले झाल्यावर जे गप्प बसतं, ते कुठेतरी कोरडं घासतंय. आता कुठे घासतंय ते एकेका जागी पाणी मारून शोध.”

पुढच्या शनिवारी मी तेच केले, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवली. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली तर चाके खाली लोंबकळतात आणि सस्पेन्शनवरचे वजन निघून जाते. म्हणून मी गाडी उलटी घेऊन मागची चाके उतरत्या लोखंडी रॅम्पवर चढवली, पुढच्या चाकांना ओट लावली, आणि वजन चाकांवरच राहील अशा स्थितीत खाली सरकलो. पत्नी मागचा डावा कोपरा हाताने दाबून सोडत होती, आणि मी एकेका जोडावर हात ठेवून हादरा जाणवतो का ते पाहत होतो. खालच्या आर्मच्या आतल्या बाजूला, पुढच्या बुशवर, म्हणजे जोडातल्या रबरी नळीवर, हात ठेवताच ती करकर बोटांत स्पष्ट जाणवली. फवारणीच्या बाटलीने फक्त त्याच बुशवर साबणाचे पाणी मारले आणि आवाज बंद झाला. तेल मुद्दाम वापरले नाही, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि खराब होते. टॉर्चच्या प्रकाशात बुशच्या रबराला अर्ध्या परिघाएवढी भेग दिसली.

खात्री करण्यासाठी मग गाडी स्टँडवर घेतली. चाक लोंबकळू लागताच ती भेग अशी मिटली की बोट फिरवूनही कळेना. दोन्ही गॅरेजना काही का सापडले नाही हे तिथे उलगडले, आणि बुश का फाटला हेही त्याच भेगेने सांगितले. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला कायमचे चिकटवलेले असते. बोल्ट आवळल्यावर आतली नळी जागेवर घट्ट बसते आणि आर्म वरखाली होताना मधले रबर पिळले जाते. म्हणून बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचे वजन चाकांवर असताना, म्हणजे गाडी नुसती उभी असताना रबर मोकळे राहते. माझी गाडी घेण्याच्या आधी एका गॅरेजने मागचे बुश बदलल्याचे बिल कागदपत्रांत होते. तिथे बोल्ट लिफ्टवर, चाक लोंबकळत असतानाच आवळले गेले असणार. त्यामुळे गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत गेले आणि रात्रंदिवस तसेच राहून शेवटी फाटले. लिफ्टवर मात्र तेच रबर विश्रांतीच्या स्थितीत येत होते. ज्या स्थितीत चूक झाली होती, त्याच स्थितीत ती झाकलीही जात होती.

दुरुस्तीला दोन दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस एका बोल्टने घेतला. या गाडीत खालच्या आर्मचे आतले बोल्ट साधे नसतात. चाकांचे कोन जुळवण्यासाठी त्यांना मध्य एका बाजूला सरकलेली चकती असते. इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठाने बोल्ट नळीच्या आत गंजून एकजीव झाला होता. पान्याने फिरवला की रबरासकट वळायचा आणि सोडला की परत यायचा. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवले, उष्णता दिली, तरी तो हलला नाही. अखेर आर्म धरणारा कंस आणि बुश यांच्या मधल्या फटीतून विजेच्या करवतीने दोन्ही बाजूंनी तो कापून काढावा लागला. कापण्याआधी चकतीची मूळ जागा रंगाने खुणावून घेतली होती.

नवे बुश रबराचेच घेतले. पॉलियुरेथेनचे टिकतात, पण ग्रीस संपले की तेही करकरतात, आणि रोजच्या वापराच्या गाडीला रबराचा मऊपणा मला बरा वाटतो. नव्या बोल्टच्या दांड्यावर, तो पुन्हा गंजून अडकू नये म्हणून, आठवणीने अँटी-सीझ लावले. गाडी उचलण्यापूर्वी मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून ठेवले होते. आता हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत आर्म वर उचलला आणि मगच बोल्ट पूर्ण आवळला. सोमवारी चारही चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि त्याच गतिरोधकावरून पाच वेळा गाडी नेली. एकदाही करकर आली नाही, टक् झाले नाही.

उजवी बाजू शांत होती, पण बिल दोन्ही बाजूंचे होते. म्हणून पुढच्या रविवारी रंगाच्या खुणा करून, वजन चाकांवर ठेवून, तिकडचे बोल्ट सैल केले. दुसरा सैल होताच आतली नळी खट्कन फिरली आणि रबराने इतकी वर्षे धरून ठेवलेला पीळ सोडला.