आमची वाटचाल : सायकल खोक्यात घालताना

सायकल दुरुस्तीला जोड म्हणून आम्ही पुण्यात पॅकिंगचं काम सुरू केलं. बदली झालेले नोकरदार, बाहेरगावी शिकायला निघालेली मुलं आणि मनाली-लेहला जाणारे रायडर हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. सगळे एकच विचारतात : सायकल तेरा किलोची, मग बिल पंचेचाळीस किलोचं कसं?

प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त, त्याचेच पैसे कुरिअरवाले लावतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार करून बहुतेकदा ५००० ने भागतात. १४० × २० × ८० चा खोका म्हणजे ४४.८ किलो. भाजक कंपनीप्रमाणे आणि विमान की रस्ता यावर बदलतो, तो आधी विचारावा. या खोक्याची रुंदी एका सेंटीमीटरने वाढली की सव्वादोन किलो वाढले! त्यामुळे आमची सगळी पद्धत रुंदी वाचवण्याभोवती घडत गेली.

पेडल, सीटपोस्ट, पुढचं चाक आणि त्याचा स्क्यूअर (चाक धरून ठेवणारी आरपार दांडी) काढायचा. डाव्या पेडलचे आटे उलटे. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. हँडल स्टेममधून (हँडल धरणाऱ्या पकडीतून) काढून वरच्या नळीला समांतर बांधायचं, चाक चेनच्या विरुद्ध बाजूला. फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पाइपचा काळा फोम उत्तम बसतो.

सगळ्यात जपायचा तो मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा गिअरचा भाग. त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, बहुतेकदा मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा असतो, बाजूने दाब आला की वाकतो. नुसत्या नजरेला ते कळत नाही. मग चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकली की डिरेलर स्पोकमध्ये अडकू शकतो. म्हणून ५ मिमीच्या ॲलन कीने तो हँगरवरून सोडवायचा, केबल तशीच ठेवायची, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला झिपटायने बांधायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही ते कधीच टाळत नाही.

फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा तुकडा, हवाच, नाहीतर टोकं खोक्यातून बाहेर येतात आणि दाबाने फोर्क आवळला जातो. स्पेसर नव्या सायकलींबरोबर येतो, दुकानात मागितला तर सहसा फुकट मिळतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवावी. वाटेत ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात, मग चाक बसत नाही.

खोका किमान पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा. हलवल्यावर आत काही वाजलं तर पुन्हा उघडायचा.

ट्रान्सपोर्टच्या पावतीवर बहुधा ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असतं, म्हणजे नुकसानीची जबाबदारी तुमची. महाग सायकलीचा विमा वेगळा सांगून घ्यावा. स्वतःची वापरलेली सायकल असेल तर तसं लिहून द्यावं, अशा सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागत नाही. ई-सायकलची बॅटरी विमानाच्या पार्सलमध्ये घालू नये. माल घेताना खोका फाटका दिसला तर पोच-पावतीवर सही करतानाच तसा शेरा मारावा आणि फोटो काढून मगच खोका उघडावा.