हनुवटीखालच्या इंजेक्शनांची ती वीस मिनिटं

हनुवटीखालची चरबी कमी करायला मी इंजेक्शनं घेतली. तपासणी, फोटो, संमतीपत्रावर सही, सगळं पटापट उरकलं. राग आहे तो पुढच्या वीस मिनिटांचा, आणि तो अजून गेलेला नाही.

हे औषध म्हणजे डीऑक्सिकोलिक ॲसिड. आपल्या पित्तात ते असतंच. चरबीच्या पेशींची पडदी ते फोडतं. हनुवटीखाली एकेक सेंटिमीटरवर ठिपके काढून प्रत्येक ठिकाणी 0.2 मिली सोडतात. माझे चोवीस ठिपके होते.

"थोडं चुणचुणेल," डॉक्टर म्हणाल्या. सिस्टरनी भुलीचं मलम लावलं आणि दहा मिनिटांत पुसून टाकलं. असं मलम कातडीत मुरायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो! तरी सुया बारीक, त्यांचं फार काही वाटलं नाही. शेवटची सुई निघाली आणि मग आतून भाजायला लागलं. खुर्चीच्या हातावरच्या रेक्झिनमध्ये माझी नखं रुतली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बोलायला तोंड उघडवेना. बर्फाची पिशवी मिळाली ती दोनदा मागितल्यावर. मलमाची भूल वरच्या कातडीपुरतीच असते. जळतं ते खाली, चरबीत. संमतीपत्रात 'वेदना' हा शब्द होता. ती कमी करायला काय करणार, याबद्दल एक ओळही नव्हती.

दोन खेपांत किमान महिन्याचं अंतर ठेवतात. दुसऱ्या खेपेची तारीख घेण्याआधीच मी विचारलं, "आधी लिग्नोकेनचं, म्हणजे भुलीचं, इंजेक्शन देता येईल का?"

"हो, देऊ की. तुम्ही मागच्या वेळी म्हणाला नाहीत."

मी कशी म्हणणार होते? असं काही असतं हे पेशंटला कुठून माहीत असणार? हे सांगायचं काम त्यांचंच होतं.

या वेळी आधी दहा-पंधरा मिनिटं बर्फ, मग ॲड्रिनलिन मिसळलेलं लिग्नोकेन. ॲड्रिनलिननं रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे काळं-निळंही कमी पडतं. डॉक्टरांना विचारून तासभर आधी पॅरासिटामॉल घेतली होती. जळजळ झाली, पण खुर्चीत शांत बसून सोसण्याइतकी. मला इतकं हायसं वाटलं की सिस्टरचा हात धरून आभार मानले.

सूज मात्र दोन्ही वेळा आली. दुसऱ्या दिवशी हनुवटी आणि गळा एक झाले होते, म्हणून महत्त्वाच्या कामाच्या आठवड्यात तारीख घेऊ नका. उशा उंच करून झोपल्यानं मला बरं वाटलं. बधिरपणा काही आठवडे राहतो.

ॲस्पिरिननं काळं-निळं जास्त पडतं, त्यामुळे घेत असाल तर आधीच सांगा. हृदयासाठी चालू असेल तर मनानं बंद करू नका. आणि हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं: हसताना तोंड वाकडं होतंय, गिळायला त्रास होतोय किंवा कातडीवर जखम दिसतेय, तर लगेच फोन करा. श्वास अडकत असेल तर सरळ तातडीच्या विभागात जा.