सिन्नर: गोंदेश्वर घाईत बघू नका

नाशिक-पुणे रस्त्यावर नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर सिन्नर. बायपास झाल्यापासून पुण्याच्या बऱ्याच गाड्या गावात शिरत नाहीत, म्हणून बसमध्ये चढतानाच कंडक्टरला ‘सिन्नर स्टँडला जाणार का?’ असं विचारून घ्यावं. नाहीतर बायपासवर उतरून रिक्षा शोधत बसावं लागतं. नाशिक-सिन्नर अशी साधी एसटी मिळाली तर ती उत्तम. स्टँडपासून गोंदेश्वराच्या देवळापर्यंत रिक्षा करावी.

गाव सरस्वती नदीच्या काठचं, जवळून देवनदी वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. पावसाळा सोडला तर नदीत पाणी बघायला मिळेल अशी अपेक्षा नको. देवनदीवरचे जुने बंधारे आणि त्यांतून उताराने शेतात पाणी नेणारे पाट मात्र बघण्यासारखे आहेत. हे गाव देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी होतं. 1069 च्या वसई ताम्रपटात ते ‘सिंदिनेर’ म्हणून येतं.

गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातलं, पंचायतन. मोठ्या जोत्यावर मधोमध शिवाचं मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळं, समोर नंदीमंडप. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात, पिंडीचं दर्शन घेतात आणि निघतात. खरी गंमत मागच्या बाजूला आहे. शिखर भूमिज शैलीतलं: चारही दिशांना मधोमध एकेक सलग नक्षीदार पट्टा वरपर्यंत चढतो आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी. ही छोटी शिखरं वर जाताना लहान होत जातात, त्यामुळे मूळचं शिखर आहे त्याहून उंच भासतं. आधी लांब उभं राहून आडवे थर मोजा, मग जवळ जा. कोपऱ्यातलं एखादं लहान देऊळ आधी निरखलं तर मोठ्याची रचना लवकर उमगते.

उजेडाचं गणित सोपं आहे. देऊळ पूर्वाभिमुख, म्हणून समोरची बाजू सकाळी आणि शिखराची पाठ दुपारी चारनंतर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिण बाजू दिवसभर उजळलेली असते आणि उत्तरेची सावलीतच राहते. भर दुपारी झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं, ते टाळा. आतल्या खांबांसाठी छोटी बॅटरी हवीच. स्मारक पुरातत्त्व खात्याचं आहे, तेव्हा तिपाई किंवा ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नये. एप्रिल-मेमध्ये अनवाणी चालताना दगडी फरशीने तळपाय पोळतात, जाड मोजे ठेवा. पावसाळ्यात तीच फरशी शेवाळाने घसरडी होते. निवांत बघायचं तर दीड-दोन तास धरा.

गावातलंच दुसरं, ऐश्वराचं देऊळ लहान आणि पडझड झालेलं, शिखर गेलेलं. पण आतलं मकरतोरण, म्हणजे मगरीसारख्या मकरांची कोरीव कमान, बघण्यासाठी वाट वाकडी करावी. पाटी शोधण्यापेक्षा गावात विचारलेलं बरं, आणि विचारताना ‘गोंदेश्वर नव्हे, ऐश्वर’ हे ठासून सांगा. नाहीतर पुन्हा गोंदेश्वराकडेच पाठवतील.

दुपारचं ऊन टाळायला माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट या खनिजांचे स्फटिक तिथे मांडलेत. तिकीट आहे आणि ते देवळाच्या मानाने महाग वाटेल, कारण देवळाला काहीच लागत नाही.

स्वतःची गाडी असेल तर जवळचं डुबेरे गावही जोडता येतं. पहिल्या बाजीराव पेशव्यांचा जन्म तिथला, 1700 सालचा, त्यांच्या आजोळी बर्व्यांच्या वाड्यात. वाडा खासगी आहे, आत जायचं तर आधी विचारावं. एसटीवर विसंबून असाल तर डुबेरे सोडा आणि तो वेळ गोंदेश्वराच्या पाठीमागे, चारनंतरच्या उन्हात घालवा.