चपला

रविवार, रात्री उशिरा

कालपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. गोष्ट तरी कसली, चपलांची.

सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकायला लागली. मी नेहमीसारखी अंधारात पायाने चपला चाचपत होते. थिएटरात बसलं की चपला काढून ठेवायच्या, ही माझी जुनी सवय. उजवी सापडली. डावी उतारावरून पुढच्या रांगेखाली सरकली होती. अंगठ्याने शोधत होते तेवढ्यात आमच्या ऑफिसातला ओंकार खाली वाकला, मोबाइलची बॅटरी लावली, चप्पल ओढून काढली आणि दोन्ही माझ्या पावलांसमोर जोडून ठेवल्या. देवळातून बाहेर आल्यावर आपण आईच्या ठेवतो तशा, टाचा तिच्याकडे करून. बोलला काहीच नाही. सरळ होऊन पुन्हा नावं वाचायला लागला.

माझ्या पोटात खड्डा पडला.

‘थँक्यू’ म्हणाले मी. पण चपलांत पाय सरकवताना वाटलं, आत्ता काहीतरी झालं आणि ते मला न विचारता झालं.

सिनेमा होता ‘सिनेमा पॅराडिसो’. माझी ही कितवी वेळ आठवत नाही, ओंकारची पहिली. मुद्दाम चव्हाण सेंटरला नेलं होतं त्याला. हा सिनेमा मोबाइलवर बघायचा नाही असं बजावून ठेवलं होतं. सिसिलीतलं ते गाव, प्रोजेक्टर चालवणारा अल्फ्रेडो आणि त्याच्या खोलीत सारखा लुडबुडणारा टोटो. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकायची. त्या आगीत अल्फ्रेडोचे डोळे जातात आणि त्याला ओढून बाहेर काढतो तो एवढासा पोरगा. पुढे तोच आंधळा अल्फ्रेडो जवान झालेल्या टोटोला स्टेशनवर सांगतो, जा, परत येऊ नकोस, पत्रही लिहू नकोस. टोटो ऐकतो. तीस वर्षांनी येतो तो अल्फ्रेडोच्या अंत्यविधीलाच.

बाहेर पडलो. मंत्रालयासमोरून चर्चगेटकडे चालत निघालो. खारा वारा सुटला होता. बराच वेळ दोघंही गप्प. मग ओंकार म्हणाला, “ताई, या असल्या सगळ्या सिनेमांत तो म्हातारा शेवटी मर...”

थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, “भेळ खाऊया का?”

वाक्य पुरं केलं असतं तर काही वाटलं नसतं. मी उत्साहाने बोलत सुटले असते, की बाबा रे, मोठं माणूस गेल्याशिवाय लहान माणसाची गोष्ट सुरू होत नाही, वगैरे. असल्या गप्पा तर आम्ही रोज मारतो, डबा खाताना. पण तो थांबला. माझ्यासाठी थांबला. म्हणजे त्याच्या मनात मी त्या रांगेत बसलेली आहे. अल्फ्रेडोच्या.

स्टेशनात विरार फास्ट उभी होती. म्हटलं, पळ, मिळेल. तर म्हणे, आज स्लोनेच जातो, गर्दी कमी असते. शनिवारी रात्री साडेनऊला फास्टला असून असून किती गर्दी असणार! मी लेडीजमध्ये चढले, तो शेजारच्या जनरलमध्ये. गोरेगावला उतरले तर दारात उभा राहून हात हलवत होता. मला पोचवायला आला होता हे तेव्हा लक्षात आलं. आपल्याला पोचवायला येतात आणि आपल्याला कळतही नाही, हे कधीपासून सुरू झालं?

घरी आल्यावर लेकीला, रियाला, फोन करावासा वाटला. तिच्याकडे दुपार असणार. नाही केला. ती काळजी करते, आणि ती काळजी करायला लागली की... असो.

खरं सांगायचं तर आजवर हा सिनेमा मी टोटोच्या जागेवर बसूनच बघत आले. चाळीतल्या नानांबरोबर पहिल्यांदा बघितला तेव्हा चोवीस-पंचवीसची होते. ‘पॅराडिसो’ 1988 चा, 1990 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, आणि आमच्यापर्यंत पोचायला अजून एखाद-दोन वर्षं गेली. तेव्हा असंच होतं, रिळांचे डबे येतील तेव्हा. दिवे लागले तेव्हा मी हुंदके देत होते आणि नाना शांतपणे रुमालाची घडी घालत होते. माझा अल्फ्रेडो शेजारीच बसलेला होता, मला वेगळं काही शोधावं लागलं नाही. नावं संपेपर्यंत उठायचं नाही, हे नानांचंच. ‘ज्याने दिवे धरले त्याचंही नाव असतं,’ म्हणायचे. आणि थिएटरात चपला काढून बसणंही नानांचंच.

ओंकार हल्ली नावं संपेपर्यंत उठत नाही. मी कधी सांगितलेलं नाही. बघून बघून उचललं त्याने.

काल रात्री झोप येईना तेव्हा मनातल्या मनात मोजायला बसले. खरंच मरतात का सगळे? ‘श्वास’मधले आजोबा मरत नाहीत. कोकणातून नातवाला घेऊन पुण्याला येतात, पोराच्या डोळ्यात कॅन्सर, जगवायचं तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी जेवढं दाखवता येईल तेवढं जग त्याला दाखवून आणतात. अरुण नलावडेंचा तो चेहरा! 2004 साली मी प्लाझाला बघितला. नाना तेव्हा नव्हते. असते तर ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत आलं हे त्यांनी दहादा ऐकवलं असतं.

‘लंचबॉक्स’मधला साजनही मरत नाही. ती डब्यातल्या चिठ्ठ्यांची प्रेमकथा म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे, माझ्या लक्षात आहेत साजन आणि शेख. पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त होणारा माणूस आणि त्याच्या टेबलावर बसायला आलेला पोरगा. आधी साजन त्याला टाळत राहतो, कामच दाखवत नाही. आणि शेवटी त्याच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतो, त्याच्या लग्नात त्याच्या बाजूने एकटा उभा राहतो. त्यातच ते लोकलमधलं आहे. कोणीतरी ‘अंकल, बसा’ म्हणून जागा देतं आणि साजनला कळतं की आपण म्हातारे झालो. 2013 मध्ये हे बघताना मला साजन झालेल्या इरफानचं फार वाईट वाटलं होतं. स्वतःचं वाटलं नव्हतं. तो खरा तेव्हा 45-46 चा, साठीच्या माणसाचं काम करत होता. 53 व्या वर्षी गेला. आज मी त्याच्यापेक्षा मोठी आहे.

हे लिहिताना रडू आलं. 31 मार्चला माझा नोकरीतला शेवटचा दिवस, टेबल ओंकारकडे जाणार. सगळे म्हणतात, बरंय ना, आता निवांत सिनेमे बघा. कोणाबरोबर बघू? हे कोणी सांगत नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबांचे ताळे जुळवले आणि हाताशी काय, तर एका पोराने चपला जोडून ठेवल्या.

(इथे थांबून चहा केला.)

नानांचं एक लिहायचं टाळतेय. लिहून टाकते.

असंच एकदा सिनेमा संपल्यावर नानांची चप्पल सापडत नव्हती. त्यांना कमी दिसायला लागलं होतं, कबूल करत नसत. मी वाकून काढून दिली. नाना केवढ्याने ओरडले, “राहू दे! माझे हात मोडलेत का?” चार लोकांनी वळून बघितलं. चर्नी रोडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मला वाटलं, मी काय गुन्हा केला? पुढच्या महिन्यात नेहमीसारखा त्यांचा निरोप आला, अमुक वारी अमुक सिनेमा, सहाला खाली ये. मी गेले नाही. लग्न ठरलं होतं, कारणं खूप होती. मग चाळ पडायला आली, नाना डोंबिवलीला गेले. डोंबिवली काय तीस वर्षांच्या अंतरावर होती का? मी... जाऊ दे.

नाना माझ्यावर चिडलेच नव्हते. काल माझ्या पोटात जो खड्डा पडला तोच त्यांच्या पोटात पडला होता, एवढंच. त्यांचा ओरडून बाहेर आला. हे कळायला माझ्या पायासमोर कोणीतरी वाकावं लागलं.

मी ओंकारवर ओरडले नाही. कालपासून हेच पुन्हा पुन्हा मनात येतंय आणि दर वेळी थोडं हलकं वाटतंय. ओरडले असते तर तो पुढच्या महिन्यात आला असता का? आला असता बहुतेक. तो माझ्याहून मोठ्या मनाचा आहे.

आणि शुक्रवारचं आठवलं. नवीन मुलीचा बँकेचा ताळा लागत नव्हता, रडकुंडीला आली होती. ओंकार तिला सांगत होता, “फरक नऊने भागून बघ. भाग जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, 54 चे 45.” फरक 63 चा होता. व्हाउचरवर 81, तिने 18 लिहिले होते. बरोब्बर सापडलं. हे मी त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं, मला आमच्या जुन्या हेडक्लार्कनी शिकवलं, त्यांना कोणी ते ठाऊक नाही. ती म्हणाली, “भारी! तुम्हाला कोणी सांगितलं?” तो म्हणाला, “ताईंनी.” मी पाठमोरी होते, कपाटातून फाइल काढत होते. वळले नाही. बराच वेळ फाइल शोधत राहिले.

त्याच्या घरी आजी आहे. तिच्या चपला तो असाच जोडून ठेवत असणार. हाताला सवय असेल. मी एवढी खणत बसलेय आणि त्याच्या लक्षातही नसेल.

मघाशी त्याला मेसेज केला. “तुझा कालचा प्रश्न अर्धा राहिला. सगळ्या सिनेमांत नाही मरत. पुढच्या रविवारी घरी ये, ‘सेंट्रल स्टेशन’ बघू. ब्राझीलचा आहे, 1998 चा. स्टेशनवर बसून लोकांची पत्रं लिहून देणारी बाई आणि आई गेलेला मुलगा. यात म्हातारी जिवंत राहते.”

लगेच उत्तर आलं. “सॉरी ताई, काल बोलून गेलो. मला नंतर इतकं वाईट वाटलं की झोप नाही आली.”

म्हणजे तोही जागाच होता.

मी लिहिलं, “वेडा आहेस का. थालीपीठ करते, डबा आणू नकोस.”

मग दोन मिनिटांनी त्याचं, “मरत नाही. पण शेवटी जाते का ती?”

जाते. मुलगा झोपलेला असताना पहाटेची बस पकडून जाते.

“बघ तू,” एवढंच लिहिलंय. भाजणी संपत आलीय, उद्या येताना आणायला हवी.