ट्रंकचा दिवा हिरवा, तरी व्हीलॅन 30 पलीकडे जाईना

लातूरच्या एका कॉलेजात ऑफिस, लायब्ररी आणि हॉस्टेल फायबरने याच क्रमाने जोडलेत. व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर आणि स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क: व्हीलॅन 10 ऑफिसचा, 20 लॅबचा, 30 कॅमेऱ्यांचा. दोन्ही टोकांचे स्विच माझ्याकडे होते. मधल्या, लायब्ररीतल्या स्विचचा पासवर्ड मात्र जुन्या कंत्राटदाराकडे, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

टोकांचं काम लगेच झालं. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या स्विच-स्विचमधल्या जोडणीवर, 802.1क्यू हे मानक नेटिव्ह व्हीलॅन सोडून बाकी प्रत्येक फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) 4 बाइटचा टॅग घालतं, त्यातल्या 12 बिटांत व्हीलॅनचा नंबर असतो. 10 आणि 20 चालू झाले. 30 मधला एकही कॅमेरा पिंगला उत्तर देईना.

कंत्राटदाराचं पालुपद एकच: "सर, ट्रंक अप आहे, आमच्याकडून ओके." मग म्हणे फायबर खराब आहे, एसएफपी (स्विचला फायबर जोडायचं मॉड्यूल) बदला. अहो, त्याच फायबरवरून 10 आणि 20 धावतायत, मग फायबर खराब कसं? ट्रंक अप असणं वेगळं आणि त्यातून एखादा व्हीलॅन जाणं वेगळं. मधल्या स्विचमध्ये 30 तयारच केलेला नसेल, तर 30 अलाउड (ट्रंकवर परवानगी असलेल्या) यादीत असूनही तो स्विच 30 च्या फ्रेम गुपचूप टाकून देतो. एरर नाही, लाल दिवा नाही.

अशा वेळी तोंडी खुलासा ऐकू नका, 'शो इंटरफेसेस ट्रंक' या कमांडच्या उत्तराचा फोटो मागा. सिस्कोच्या स्विचवर त्यात अलाउड, अलाउड आणि अॅक्टिव्ह, आणि फॉरवर्डिंग अशा तीन याद्या दिसतात. 30 पहिलीत आहे, दुसरीत नाही, म्हणजे व्हीलॅन बनवलेलाच नाही. दुसरीत आहे, तिसरीत नाही, तर स्पॅनिंग ट्री (लूप होऊ नये म्हणून वाट अडवणारी यंत्रणा) किंवा प्रुनिंग (न लागणारे व्हीलॅन ट्रंकवरून छाटणं) बघा. फोटो मिळवायलाच सगळा वेळ गेला. 30 दुसऱ्या यादीत नव्हता. 'व्हीलॅन 30' ही एक ओळ टाकली आणि कॅमेरे दिसले. एका ओळीसाठी एवढी अडवणूक! नवं काम घेताना मधल्या प्रत्येक स्विचचा पासवर्ड आधी लेखी मागून घ्या.

आणखी एक. चालू ट्रंकवर व्हीलॅन वाढवताना 'अलाउड व्हीलॅन अॅड 30' लिहा. 'अॅड' राहिलं तर जुनी यादी पुसून एकटा 30 उरतो आणि ऑफिस बंद पडतं. नेटिव्ह व्हीलॅन दोन्ही टोकांना एकच हवा, कारण त्याच्या फ्रेमला टॅग नसतो. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर 'ट्रंक' म्हणजे अनेक पोर्ट एकत्र बांधणं, तिथे पोर्ट व्हीलॅनमध्ये 'टॅग्ड' करायचा असतो. आणि काम झाल्या झाल्या 'राइट मेमरी' करा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, सेव्ह न केलेलं सगळं तिच्याबरोबर जातं.