फाइव्ह फोर्सेसचे पाच चौकोन भरले, पण अ‍ॅनालिसिस कुठाय?

हल्ली ज्युनिअर मंडळी स्ट्रॅटेजीच्या कोर्सचे रिपोर्ट सबमिट करायच्या आधी मला वाचायला पाठवतात, आणि पहिली दोन पानं चाळली की पुढे काय येणार ते आधीच कळतं. विकिपीडियावरून उचललेला कंपनीचा इतिहास, मग व्हिजन-मिशन, मग पेस्टलचं टेबल (राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय, कायदेशीर घटक), मग स्वॉट (ताकद, कमजोरी, संधी, धोके), मग हार्वर्डचे प्राध्यापक मायकल पोर्टर यांचे पाच फोर्सेस (स्पर्धक, नवीन येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार, ग्राहक) आणि प्रत्येकापुढे हाय, मीडियम, लो असं काहीतरी, आणि शेवटी कंपनीने इनोव्हेशनवर भर द्यावा, नवीन मार्केटमध्ये जावं, कस्टमर एक्सपिरियन्स सुधारावा. कंपनीचं नाव खोडून तिथे दुसरं टाकलं तरी रिपोर्ट तसाच्या तसा चालतो. याला पाट्या टाकणं म्हणतात, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं. आता तर एआयकडून लिहून घेतलेले रिपोर्टही अगदी असेच असतात, फक्त भाषा गुळगुळीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळे फ्रेमवर्क एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायला बनवलेत: या धंद्यात पैसा कोणाच्या खिशात जातो, का जातो, आणि ही कंपनी त्यातला आपला वाटा कसा राखून आहे. हा प्रश्न डोक्यात नसेल तर कितीही टेबलं भरा, हाती काही लागत नाही.

कंपनी निवडताना शक्यतो लिस्टेड (शेअर बाजारात असलेली) घ्या, म्हणजे अ‍ॅन्युअल रिपोर्ट मिळतो. अमेरिकेत लिस्टेड असलेली अमेरिकन कंपनी असेल तर टेन-के नावाचं फाइलिंग फुकट वाचायला मिळतं, आणि ते कंपनीच्या चकचकीत वेबसाइटपेक्षा दहापट कामाचं असतं कारण तिथे खोटं बोललं तर केस होते. त्यातला रिस्क फॅक्टर्सचा भाग वकिलांनी लिहिलेला असतो, त्यामुळे भूकंपापासून सायबर हल्ल्यापर्यंत सगळं कोंबलेलं असतं आणि नुसता वाचला तर झोप येते. पण मागच्या वर्षीचा आणि यावर्षीचा शेजारी शेजारी उघडून कोणता पॅराग्राफ नवीन आलाय ते बघा. कंपनीला खरोखर कशाची धास्ती वाटायला लागलीय ते तिथे सापडतं.

मग सेगमेंटची नोट, म्हणजे कंपनीच्या प्रत्येक धंद्याचे आकडे वेगवेगळे दाखवणारं पान. हे पान बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच. अ‍ॅमेझॉन घ्या. कोणालाही विचारा, ऑनलाइन दुकान म्हणेल. २०१५ पासून कंपनी क्लाउडचे म्हणजे एडब्ल्यूएसचे आकडे वेगळे दाखवायला लागली, आणि २०२३ चे आकडे बघितले तर विक्रीत एडब्ल्यूएसचा वाटा साधारण सहावा हिस्सा पण ऑपरेटिंग प्रॉफिटमध्ये (धंद्यातला, व्याज-कराआधीचा नफा) निम्म्याहून बराच जास्त. आता अ‍ॅमेझॉनचे स्पर्धक म्हणून तुम्ही फक्त वॉलमार्ट लिहून मोकळे झालात तर नफा जिथून येतो त्या धंद्याला तुम्ही हातही लावला नाही, तिथे समोर मायक्रोसॉफ्ट आणि गूगल आहेत. कॉस्टको या अमेरिकी दुकानसाखळीचंही तसंच, तिथे खरेदीला मेंबरशिप कार्ड लागतं. त्या मेंबरशिप फीची ओळ वेगळी दाखवलेली असते, एकूण विक्रीच्या मानाने ती किरकोळ दिसते पण ऑपरेटिंग प्रॉफिटशी लावून बघितली की त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. म्हणजे माल जवळपास खर्चाच्या भावात विकायचा आणि कमवायचं ते कार्डावर. हे एकदा दिसलं की तिथे मोजक्याच वस्तू का ठेवतात, मार्कअपला वरची मर्यादा का घालून घेतलीय, सगळं आपोआप जुळत जातं.

आता इंडस्ट्रीची हद्द कुठे आखायची, इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. नेटफ्लिक्स घेऊ, कारण ती सगळ्यांना माहिती आहे आणि तरीही बहुतेक जण चुकीची लिहितात. स्पर्धक कोण तर डिस्ने प्लस, प्राइम व्हिडिओ, एचबीओ, झालं. पण २०१९ च्या जानेवारीत शेअरहोल्डर्सना पाठवलेल्या पत्रात कंपनीनेच लिहिलं होतं की आमची स्पर्धा एचबीओपेक्षा फोर्टनाइटशी जास्त आहे आणि आम्ही तिथे हरतोही. एक व्हिडिओ गेम! आणि त्याआधी २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे सीईओ रीड हेस्टिंग्ज आमची स्पर्धा झोपेशी आहे असं म्हणून गेले होते. यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. एक म्हणजे हद्द "माणसाचा मोकळा वेळ" अशी धरली तर चित्र पूर्ण बदलतं, यूट्यूब आत येतं. दुसरं म्हणजे कंपनीला स्वतःची हद्द मोठी दाखवण्यात फायदाच असतो, कारण बाजार जेवढा मोठा तेवढा आपला हिस्सा छोटा दिसतो, मक्तेदारीचा आरोप करणाऱ्यालाही आणि अजून किती वाढायला जागा आहे हे बघणाऱ्या गुंतवणूकदारालाही. तुम्ही कोणती हद्द घेतली आणि का, हे दोन वाक्यांत लिहा, पण लिहा. ते न लिहिता फाइव्ह फोर्सेसला हात घातला की पुढचं सगळं हवेत.

फाइव्ह फोर्सेस पोर्टरने १९७९ मध्ये मांडले आणि त्यामागचा मुद्दा असा होता की काही धंद्यांत सगळेच बरे कमावतात आणि काहींत सगळेच रडतात, तर हा फरक धंद्याच्या रचनेतच असतो. म्हणजे फोर्स म्हणजे नफा ओढून नेणारा हात. हे लक्षात ठेवून नेटफ्लिक्सचे पुरवठादार बघा. २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू झालं, २००८ मध्ये स्टार्झ या चॅनलशी करार झाला आणि बरेच मोठे सिनेमे त्यातून मिळाले, तेव्हा स्ट्रीमिंग कोणी फारसं मनावर घेत नव्हतं म्हणून हक्क मिळाले. मग लोक वाढले, स्टार्झला आपल्याकडे काय आहे ते कळलं, २०११ मध्ये बोलणी फिसकटली आणि २०१२ च्या फेब्रुवारीत ते सिनेमे गेले. २०१७ मध्ये डिस्नेने सांगितलं की आम्ही आमचे सिनेमे काढून घेणार आणि स्वतःची सर्व्हिस काढणार, २०१९ च्या नोव्हेंबरात ती काढली आणि पहिल्याच दिवशी १ कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. आता सांगा, डिस्ने कोणत्या चौकोनात टाकायची? आधी पुरवठादार, मग नवीन येणारा, मग थेट स्पर्धक, एकच कंपनी तीन चौकोन फिरून आली. आणि मग नेटफ्लिक्स २०१३ पासून स्वतःच्या मालिकांवर एवढा पैसा का ओतायला लागली याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही. पुरवठादाराच्या हातून गळा सोडवायचा होता. हे लिहिलंत तर अ‍ॅनालिसिस, आणि "सप्लायर पॉवर: हाय" लिहिलंत तर नुसता फॉर्म भरला. (अ‍ॅमेझॉनची गंमत तर वेगळीच, नेटफ्लिक्स चालते एडब्ल्यूएसवर आणि समोर प्राइम व्हिडिओ. म्हणजे स्पर्धकालाच दर महिन्याला बिल भरायचं.)

नवीन येणाऱ्यांच्या बाबतीत लोक "कंटेंटला प्रचंड खर्च येतो म्हणून एंट्री बॅरिअर हाय" असं लिहितात. कोणासाठी हाय? नवख्या स्टार्टअपसाठी हो. डिस्नेकडे अनेक दशकांची लायब्ररी होती आणि अ‍ॅपलकडे पैसा आणि लोकांच्या खिशातले फोन होते, दोघं एकाच महिन्यात आत आले. भिंत उंच आहे का ते उडी कोण मारतंय यावर ठरतं.

ग्राहकांचंही तसंच. एकटा ग्राहक नेटफ्लिक्सशी भाव करू शकत नाही म्हणून "बायर पॉवर लो" असं धडधडीत लिहिलेलं असतं, पण करार नाही, दंड नाही, दोन क्लिकमध्ये बंद करता येतं, त्यामुळे एकटा दुबळा असला तरी सगळे मिळून भाववाढीला लगाम घालतात. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे साधारण २ लाख ग्राहक कमी झाले, दहा वर्षांहून जास्त काळात पहिल्यांदाच, आणि शेअर दणकून आपटला.

एवढं झालं की कंपनीच्या स्ट्रॅटेजीकडे वळा, आणि तिथे कंपनी काय करते यापेक्षा काय करत नाही ते आधी लिहून काढा. साउथवेस्ट एअरलाइन्स या अमेरिकेतल्या स्वस्त विमान कंपनीचं उदाहरण प्रत्येक वर्गात देतात, आणि ते चांगलंच आहे. वर्षानुवर्षं एकाच जातीची विमानं म्हणजे बोइंग ७३७, ठरलेल्या सीट नव्हत्या, जेवण नव्हतं, दुसऱ्या एअरलाइनकडे बॅगा पाठवणं नव्हतं, त्यामुळे विमान गेटवर कमी वेळ उभं राहायचं आणि दिवसात जास्त उडायचं. १९७३ ते २०१९ सलग ४७ वर्षं नफा, तोही अशा धंद्यात जिथे दिवाळखोरी नेहमीची. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या एअरलाइनने १९९३ मध्ये कॉन्टिनेन्टल लाइट काढून तसंच करायला घेतलं, पण बाकीची फुल सर्व्हिस न सोडता, आणि १९९५ मध्ये गाशा गुंडाळला. एक गोष्ट कॉपी करता येते, एकमेकींत अडकलेल्या दहा गोष्टी नाही येत, त्यातही जुन्या दहा सोडायची तयारी नसेल तर अजिबातच नाही.

पण वर्गातल्या नोट्स जुन्या असतात हो. साउथवेस्टने २०२५ च्या मे अखेरपासून नव्या बुकिंगवर बहुतेक प्रवाशांकडून बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली, जी गोष्ट न घेणं हीच तिची मोठी जाहिरात होती, आणि ठरलेल्या सीटही आणायचं ठरवलं. कोणी अजूनही "साउथवेस्टमध्ये दोन बॅगा फुकट" असं लिहून दिलं तर तपासणाऱ्याला कळतं की केस स्टडी वाचली, कंपनी नाही वाचली. आणि खरं तर हाच आता जास्त मजेदार विषय आहे, की वेगळेपण सोडून बाकीच्यांसारखं झाल्यावर ग्राहकाने हिलाच का निवडावं. मी असतो तर यावरच अख्खा रिपोर्ट लिहिला असता.

स्वॉट करायलाच लावलं असेल तर करा, पण "स्ट्राँग ब्रँड" हे स्ट्रेंथमध्ये टाकायच्या आधी विचारा, की यामुळे कंपनी जास्त भाव घेऊ शकते का, किंवा खर्च कमी होतो का, आणि ते फक्त हिच्याकडेच आहे का. तिन्हीला नाही असेल तर काढून टाका. पेस्टलमध्ये सहा रकाने आहेत म्हणून सहाही भरायचे असं कुठे लिहिलंय? दोनच गोष्टी कंपनीच्या नफ्याला धक्का देत असतील तर दोनच लिहा, बाकीचं टेबल अपेंडिक्समध्ये ढकला, वर्ड लिमिटही वाचते.

आणि रेकमेंडेशन. मार्क इथेच जातात कारण शेवटच्या रात्री लिहिलेलं असतं. "कंपनीने जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणावा" हे वाक्य २०२२ च्या आधी नेटफ्लिक्ससाठी कोणीही लिहिलं असतं, सोपं होतं ते. पण कंपनी वर्षानुवर्षं जाहिराती नाहीत असं ठासून सांगत आलेली, जाहिराती विकायची टीम नाही, टेक्नॉलॉजी नाही, महागड्या प्लॅनमधले लोक स्वस्तात उतरले तर काय, हे सगळे प्रश्न त्या एका वाक्याच्या मागे उभे होते. २०२२ च्या नोव्हेंबरात प्लॅन आला तेव्हा जाहिरातींची यंत्रणा मायक्रोसॉफ्टकडून घेतली होती, आणि स्वतःची बनवून ती वापरात आणायला २०२५ उजाडलं. म्हणजे रेकमेंडेशनमध्ये काय करावं हे एका ओळीत लिहा आणि उरलेलं पान त्यासाठी काय सोडावं लागेल, नसलेली कुवत कुठून आणणार आणि समोरचा गप्प बसेल का यावर घालवा. समोरचा गप्प बसलेला नव्हताच, डिस्ने प्लसचाही जाहिरातींचा प्लॅन पुढच्याच महिन्यात आला.